गॅस्केटवरची फुली

थांबा मिस्त्रीबद्दल सांगायचं तर आधी माझीच फजिती सांगावी लागते. सांगते. आता लपवून काय करायचंय?

त्याचं खरं नाव मला अजून माहीत नाही. पाटीवर 'इंजिन काम' एवढेच दोन शब्द आहेत. तुम्ही काहीही बोला, तो आधी 'थांबा' म्हणतो. गाडी गरम होते हो. थांबा. आवाज येतोय. थांबा. कधी मिळेल? थांबा. म्हणून तो सगळा रस्ता त्याला थांबा मिस्त्री म्हणतो, आणि त्याला त्याचं काही वाटत नाही. साठीचा, उंच, अंगावर मांस म्हणून नाही. चष्म्याची एक काडी तांब्याच्या तारेनं बांधलेली. दगड कापायच्या कारखान्यामागे त्याची पत्र्याची शेड आहे. कारखान्यातली भुकटी आत येऊ नये म्हणून दाराला ओलं पोतं टांगलेलं असतं आणि तो दर तासाला उठून ते भिजवतो.

बाकीचे मिस्त्री काम झाल्यावर हात धुतात. हा कामाच्या आधी धुतो, नखांत ब्रश घालून. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मनात म्हटलं, नाटकं आहेत. पण त्या वेळी मला सगळ्यांचीच नाटकं वाटत होती. तशी वेळच आली होती.

आमचे हे बस डेपोत टाइमकीपर होते. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी सातला त्यांना मशीनवर झोपवायचं, चार तास रक्त धुऊन घ्यायचं आणि परत आणायचं. मशीन आमच्या गावात नाही, बत्तीस किलोमीटरवर आहे. बसनं नेलं तर परतताना यांना घेरी येते. टॅक्सी स्टँडवर दोनच गाड्या. एक कायम परगावी. दुसऱ्या टॅक्सीवाल्याच्या सीटवर यांना एकदा उलटी झाली, तेव्हापासून तो आम्हाला बघितलं की काच वर करतो. म्हणून मी बावन्नाव्या वर्षी गाडी शिकले. घरात यांची जुनी गाडी होती. मी पँटी आखूड करणारी, पडदे शिवणारी, चेन बदलून देणारी बाई. शिवणयंत्रावर पाय खाली आणि नजर समोर, गाडीतही तेच, असं म्हणून स्वतःची समजूत घातली आणि निघाले.

गाडी सोळा वर्षांची. तिच्या कंपनीनं तिचे सुटे भाग बनवणं कधीच बंद केलंय. सहा महिन्यांपूर्वी ती गरम व्हायला लागली. काटा लाल पट्टीत, बॉनेटमधून वाफ. माझ्या दिरांनी एक गॅरेज सुचवलं. दीर म्हणजे यांचे धाकटे भाऊ. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहतात, पाणीपुरवठ्यात मीटर वाचतात, तोंडात शब्द कमी. गॅरेजवाला म्हणाला, हेड गॅस्केट गेलंय आणि पाण्याचा पंपही गेलाय, कंपनीचं मिळणार नाही, दुसऱ्या कंपनीचं मागवा. मी मागवलं, त्याच्या हातात दिलं. त्यानं तीन दिवस गाडी ठेवून घेतली आणि बसवलं म्हणून सांगितलं.

दीड महिन्यात काटा पुन्हा लाल. रस्त्याच्या कडेला बॉनेट उघडलं, हे काठी टेकत खाली उतरले आणि आत डोकावून म्हणाले, "अगं, हा तर आपलाच पंप आहे. गेल्या वर्षी मीच याला पांढरा लेप लावला होता. हा बघ."

लेप तिथंच होता. वर यांच्या अंगठ्याचा ठसासुद्धा होता! मी त्या गॅरेजात जाऊन घसा फोडला. तो म्हणतो कसा, "मावशी, नवा बसवला होता. तुम्ही मध्ये कुठं दाखवली असेल गाडी. तुमचा नवा हाच होता कशावरून?" कशावरून? माझ्याजवळ काय होतं दाखवायला? माझा नवाकोरा माल कुणाच्या तरी गाडीत फिरत होता, आणि गॅस्केट तरी बदललं होतं की नाही ते देवच जाणे. माझ्या तोंडाला पानं पुसली त्यानं, भर दिवसा.

आणि तो राग मी कुणावर काढावा? दिरांवर. ते संध्याकाळी यांना बघायला आले होते. चहाचा कप हातात होता. मी म्हटलं, "भाऊजी, तुम्हाला किती मिळाले यात?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. कप खाली ठेवला, अर्धा भरलेला. यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि जिना उतरून गेले. त्यानंतर दोन महिने आमच्याकडे पाऊल नाही. हे मला एवढंच म्हणाले, "बोललीस ते बोललीस. आता तरी पाणी दे." पाणी म्हणजे यांना दिवसाला तीन कप मोजून. मी दिलं, आणि चूक कबूल केली नाही. मी तशीच आहे.

दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी पुन्हा सगळा संच मागवला. हेड गॅस्केट, पाण्याचा पंप, थर्मोस्टॅट. तीन आठवड्यांनी खोकं आलं. ते टेबलावर उघडलं आणि ठरवलं की या वेळी कुणी 'कशावरून' म्हणायचं नाही. माझ्या धंद्यात खूण केल्याशिवाय मी कापड ठेवून घेत नाही. दोन गिऱ्हाइकांच्या काळ्या पँटी एकसारख्या दिसतात, म्हणून आतल्या शिवणीत रंगीत दोऱ्याचा एक टाका घालते. तो टाका मला कळतो, दुसऱ्याला दिसतसुद्धा नाही. तसंच करायचं. पण लोखंडाला टाका कसा घालणार? जाड कापडाला भोक पाडायचं दाभण काढलं आणि एकेका भागावर बारीक फुली कोरली. पंपावर मागच्या बाजूला. थर्मोस्टॅटच्या कडेला. गॅस्केटवर तर खूप विचार करून कोरली. पातळ पत्रा तो, त्याला चार मोठी गोल भोकं. मी एका भोकाच्या अगदी काठाला फुली केली, चांगली दाबून, पुसली जाऊ नये म्हणून. तिथं कोण बघतंय, असं वाटलं. काय हुशारी! स्वतःवर इतकी खूश झाले की यांनाही सांगितलं नाही.

मग मिस्त्री शोधायला निघाले. आणि इथं मला कळलं की चोर परवडला. चार गॅरेजं फिरले. पहिला म्हणाला, गिऱ्हाइकानं आणलेला माल आम्ही बसवत नाही. दुसरा म्हणाला, बसवतो, पण गाडी इथं ठेवून जा आणि फोन करू नका. तिसऱ्यानं खोकं हातात घेतलं, उलटसुलट केलं आणि म्हणाला, "हा माल फालतू आहे." उघडून बघितलासुद्धा नव्हता. चौथ्याकडे काचेची खोली, थंडगार हवा, आणि एक मुलगी म्हणे, मॅडम, एवढ्या जुन्या गाडीत पैसे घालण्यापेक्षा नवी का नाही बघत? तिला म्हटलं, बाई, नवरा पण जुनाच आहे, तोही बदलू का? ती हसली. मला हसू आलं नाही.

अडला हरी गाढवाचे पाय धरी, पण इथं गाढवं पाय पण धरू देईनात. दोन आठवडे मी डिकीत पाण्याचे आठ कॅन घालून गाडी चालवली. दर दहा किलोमीटरला थांबायचं, गार होऊ द्यायची, पाणी ओतायचं, पुन्हा निघायचं. पावणेपाचला घर सोडायचं. हे घड्याळ बघून म्हणायचे, "सहा अठरा, नाका. तीन मिनिटं उशीर." मी म्हणायचे, गप्प बसा.

मग तो शुक्रवार आला. वीस किलोमीटरवर गाडीनं एक मोठा उसासा टाकला आणि सगळी काच पांढरी झाली. पुन्हा चालू होईना. यांना मैलाच्या दगडावर बसवलं. मी रस्त्यात उभी राहून हात करत होते आणि गाड्या बाजूनं निघून जात होत्या. सात वाजून गेले. साडेसात झाले. हे म्हणाले, "गेली आपली पाळी." आवाज अगदी साधा, डेपोत एखादी बस रद्द झाल्याची नोंद करावी तसा. मला रडू फुटलं. मी तिथंच टायरला लाथ मारली.

दवाखान्यात फोन केला. तिथली सिस्टर म्हणाली, आज दुसरी पाळी भरलेली आहे, उद्याही जागा नाही, सोमवारी सातला या. पाणी आणखी कमी करा. सोमवार अजिबात चुकवू नका, आधीच तीन दिवस जादा होतायत. धाप वाढली तर ताबडतोब घेऊन या. ताबडतोब! कशानं आणू, पाठीवर घालून?

शेवटी उलट्या दिशेनं येणारा एक पाण्याचा टँकर थांबला. त्याच्या ड्रायव्हरनं बॉनेटमध्ये बघितलं, ऑइलची कांडी बाहेर काढून मला दाखवली. कांडीवर ऑइल नव्हतं, पांढरट साय होती. "ऑइलमध्ये पाणी गेलंय ताई. ही आता कॅननं चालायची नाही. थांबा मिस्त्रीकडे न्या. तो तुमचा माल पण बसवतो." मी विचारलं, प्रामाणिक आहे का? तो म्हणाला, "डोकं खातो, पण आहे." आणि दोर बांधून आम्हाला तिथपर्यंत ओढत आणलं.

तर अशी मी त्या ओल्या पोत्यासमोर उभी राहिले. एका हातात खोकं, दुसऱ्या हातात यांचा दंड. मी बोलायला तोंड उघडलं.

"थांबा," तो म्हणाला. यांना आधी बसवलं. बसायला एका मोडीत काढलेल्या गाडीची मागची सीट विटांवर ठेवली होती. मग माझं सगळं ऐकून घेतलं. तसं त्याला एका कानानं कमी ऐकू येतं, म्हणून तो चांगला कान पुढे करून उभा राहतो. मी विचारलं, आमचा माल आम्ही आणलाय, चालेल का? तो म्हणाला, "पार्ट कुणी आणला ते इंजिनाला कळत नाही. पण माझी एक अट आहे. इंजिन उघडताना आणि बंद करताना मालकानं इथं, या सीटवर बसायचं. मालक समोर नसेल तर मी बोल्ट सैल करत नाही."

"का?"

"पूर्वी एका मोठ्या गॅरेजात होतो. कुणाचा तरी पार्ट बदलला गेला. नाव माझं आलं. मी केलं नव्हतं, पण दाखवायला काही नव्हतं." एवढंच बोलला आणि हात धुवायला गेला.

त्या क्षणी मला माझ्या फुलीची आठवण यायला हवी होती. आली नाही. उलट मनात आलं, असं सगळेच म्हणतात.

हे घरी झोपले की मी तिथं जाऊन बसायची. शनिवारी त्यानं हेड, म्हणजे इंजिनावरचं झाकण, उतरवलं. एका पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र काढलं आणि जो बोल्ट जिथला, तो चित्रात तिथंच टोचून ठेवला. निघालेला जुना भाग पुसून नव्या भागाच्या खोक्याजवळ मांडला. "जाताना हे घेऊन जायचं. बसवलेलं दिसत नाही, काढलेलं तरी हातात असावं." गॅस्केट जुनंच निघालं, सोळा वर्षांचं, दोन भोकांच्या मधे जळून काळं पडलेलं. म्हणजे त्या पहिल्या गॅरेजवाल्यानं बोल्टालाही हात लावला नव्हता. हेड लेथवर सपाट करायला पाठवलं. मला म्हणाला, उद्या दुपारपर्यंत गाडी उभी करतो. सोमवारचा मला भरवसा आला. दोन महिन्यांत पहिल्यांदा मी कुणावर तरी भरवसा ठेवत होते, आणि तेही दाभण मारून!

शनिवारी रात्री यांना आडवं होता येईना. उशा रचून बसवलं. पाय इतके सुजले की चपला जाईनात. बर्फाचा एक खडा चोखायला दिला, तो संपला तरी तोंड हलवत होते. म्हणाले, "अजून तीस तास." मी म्हटलं, मोजू नका हो. म्हणाले, "दुसरं येतं काय मला?"

रविवारी सकाळी शेजारच्या काकूंना यांच्याजवळ बसवून मी शेडमध्ये गेले. हेड आलं होतं. त्यानं हात धुतले. पंप खोक्यातून काढला, पालथा केला आणि जरा थबकला. अंगठ्यानं फुली पुसून बघितली. पुसली गेली नाही. पंप बाजूला ठेवला. थर्मोस्टॅट काढला. त्यावरही अंगठा फिरवला. मी सीटवर ताठ बसले होते. मनात म्हटलं, बघ बाबा, नीट बघून घे, मी कच्च्या गुरूची चेली नाही.

मग गॅस्केट. प्लॅस्टिकमधून दोन बोटांनी काढलं, दाराकडे उजेडात धरलं. करंगळीचं नख भोकांच्या काठावरून हळूहळू फिरवायला लागला. पहिलं भोक. दुसरं. तिसऱ्यावर नख अडलं.

"थांबा," तो स्वतःलाच म्हणाला. नख मागं घेतलं, पुन्हा फिरवलं. पुन्हा अडलं.

मी सीटच्या कडेला सरकले. का ते कळायच्या आधीच सरकले.

"हे कुणी केलंय?"

"दुकानातूनच आलं असेल तसं," मी म्हटलं. जीभ कशी चटकन वळते बघा.

त्यानं पंप उचलला, थर्मोस्टॅट उचलला, दोन्ही माझ्यासमोर बाकावर मांडले आणि मधोमध गॅस्केट ठेवलं. तीन फुल्या, एकाच हाताच्या. मला वाटलं, धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं.

"मी केल्या," मी म्हटलं. "दाभणानं."

"कशासाठी?"

"तुम्ही बदलू नये म्हणून."

"मी?"

"तुम्ही म्हणजे... जो कोणी असेल तो. तेव्हा तुम्ही माहीत नव्हतात."

तो ओरडला असता तर मला बरं वाटलं असतं. तो नाही ओरडला. चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग समजावायला लागला, शाळेत समजावतात तसं. "पंपावर केलीत, हरकत नाही. थर्मोस्टॅटवर केलीत, हरकत नाही. पण हे बघा. खाली इंजिन, वर हेड, आणि मधे हा पत्रा. या भोकात जाळ असतो, या भोकांतून पाणी जातं, यांतून ऑइल. तिघांना वेगळं ठेवायचं काम या काठाचं. आणि तुम्ही नेमका काठच चिरलाय. जाळाला केसाएवढी वाट पुरते."

"बसवा तसंच."

"नाही."

"मी लिहून देते. काही झालं तर माझी जबाबदारी."

"लिहून दिल्यानं ते फुटायचं राहत नाही. दोन महिने चालेल, नाहीतर दोन तासांत जाईल. तुम्ही भरधाव रस्त्यावर असाल आणि मागं ते बसलेले असतील."

"अहो, उद्या सकाळी सातला!" मी उभीच राहिले. "उद्या नाही नेलं तर माझा माणूस जाईल हो! पाय बघितलेत त्यांचे? बसून झोपतायत ते. तुम्हाला पत्र्याचं पडलंय! तुम्ही ते बघितलंच नसतं तर? दुसऱ्या कुणी बघितलं असतं? बसवून मोकळा झाला असता!"

"बघितलं ना पण," तो म्हणाला.

मी त्या सीटवर बसले आणि ओक्साबोक्शी रडले. चोरांनी माझं केलं त्यापेक्षा मी माझं जास्त केलं होतं. सबंध गावात एक खरा मिस्त्री सापडला आणि तोच गाडी द्यायला तयार नाही, कारण तो खरा आहे. दुसरं गॅस्केट मागवायला तीन आठवडे. त्यानं ओळखीच्या तीन दुकानांत फोन केले, चांगल्या कानाला लावून, प्रत्येकाला भागाचा नंबर तीनतीनदा सांगून. कुठंच नव्हतं. त्याची स्वतःची गाडी आहे का, असं मी निर्लज्जपणे विचारलं. "सायकल आहे," तो म्हणाला. कोपऱ्यात उभी होती.

मग त्यानं विचारलं, "घरात, नात्यात, गाडी असलेलं कुणीच नाही?"

"नाही."

त्यानं चांगला कान माझ्याकडे केला. "नाही, की बोलणं नाही?"

काखेत कळसा नि गावाला वळसा. दिरांकडे गाडी आहे, चांगली धडधाकट. दोन आठवडे मी कॅन ओतत फिरले, त्या काचेच्या खोलीतल्या मुलीपर्यंत गेले, पण तिकडे गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार होते? हे दोनदा म्हणाले होते, त्याला सांगू का? मी म्हटलं होतं, आधी माझं प्रेत पडेल. कुणाचं प्रेत, ते तेव्हा डोक्यात आलं नव्हतं.

त्या शेडमध्येच फोन लावला. पहिल्याच रिंगला उचलला.

"बोला वहिनी."

"भाऊजी..."

"दादा?" आवाज एकदम बदलला.

"आहेत. आहेत हो. शुक्रवार चुकलाय. गाडी बंद पडलीय, आणि उद्या..."

"किती वाजता?"

"सातला तिथं पोचायचं."

"बरं." फोन ठेवला.

बरं! एवढंच! मी फोनकडे बघत बसले. 'बरं' म्हणजे येतो, की 'बरं' म्हणजे कळलं? मीच दोन महिन्यांपूर्वी त्यांना चोराच्या रांगेत उभं केलं होतं. त्यांनी का यावं? सूड घ्यायला याहून चांगली संधी कुठली? मी त्यांच्या जागी असते तर काय केलं असतं, ते मला नीट माहीत होतं, आणि तेच भीतीचं कारण होतं.

त्या रात्री यांच्या छातीतून बुडबुड्यांसारखा आवाज येत होता. मी हात धरून बसले. पाच वाजता राहवेना. टॅक्सीवाल्याच्या दारात जाऊन पाय धरायचे, असं ठरवून जिना उतरले.

दारासमोर दिरांची गाडी उभी होती. काचा आतून वाफेनं धुरकट झालेल्या. दीर स्टेअरिंगवर डोकं टेकून झोपले होते. मागच्या सीटवर उशी होती, पांघरूण होतं आणि एक रिकामी बादली होती, उलटीसाठी. मी काचेवर टकटक केलं. ते दचकून उठले.

"भाऊजी, कधी आलात?"

"साडेतीनला."

"अहो, साडेपाचला निघालो असतो तरी चाललं असतं!"

ते डोळे चोळत म्हणाले, "हो. पण तुम्हाला वाटलं असतं, हा काही येत नाही."

टोमणा नव्हता. टोमणा असता तर मी परतवला असता, माझं तोंड त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्यांनी खरंच माझी काळजी केली होती, माझ्या संशयाचीसुद्धा. मी म्हटलं, "भाऊजी, त्या दिवशी मी..." ते गाडीतून उतरले. "आधी दादाला खाली आणू," म्हणाले.

सिस्टर आम्हाला खूप बोलली. यांना थेट मशीनवर घेतलं. साडेचार लिटर पाणी काढलं त्या दिवशी अंगातून. दुपारी हे डोळे उघडून भावाला म्हणाले, "सहा बावन्नला पोचलो. आठ मिनिटं आधी." दीर म्हणाले, "लिहून ठेव."

तीन आठवडे दिरांनीच नेलं, रजा टाकून टाकून. मग गॅस्केट आलं. मी ते खोकं उघडलं नाही. चिकटपट्टीलासुद्धा नख लावलं नाही. मांडीवर घेऊन, दिरांच्या शेजारी बसून थांबा मिस्त्रीकडे गेले आणि त्याच्या हातात दिलं. मनात म्हटलं, बघ, शिकले मी.

"उघडून बघितलं नाहीत?" त्यानं विचारलं.

"नाही. तुमच्यावर विश्वास आहे आता."

"थांबा," तो म्हणाला. वैतागलेला दिसला. "म्हणजे काहीच शिकला नाहीत. बघायचं. कोरायचं नाही, पण बघायचं. या, हात धुवा."

मला नखांत ब्रश घालून हात धुवायला लावले. मग गॅस्केट दारातल्या उजेडात माझ्यासमोर धरलं आणि म्हणाला, फिरवा नख. मी करंगळी टेकवली. पहिलं भोक, दुसरं, तिसरं, चौथं. कुठंच अडलं नाही. मग मी दिरांना हाक मारली. ते पोत्याजवळ उभे होते.

"भाऊजी, तुम्ही पण बघा," मी म्हटलं. "मला एकटीला कळत नाही."

ते आत आले आणि हात धुवायला लागले.